कोंडवाड्याच्या दोन किल्ल्या

"पंप कोठे शे?" गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सुकदेव आबानं विचारलं.

"वावरमा," चुडामण म्हणाला.

"पंप वावरमा, न तू आठे. मंग औषध काय एकलंच चालत जाई?"

एरवी चुडामण यावर हसला असता. आज तो दारात नुसता उभा राहिला. उडणारं पीठ त्याच्या केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवर बसत होतं. गिरणीत पाऊल टाकलेला माणूस बाकी काही करो न करो, आधी बाह्या झटकतो. चुडामण झटकत नव्हता. पाहता पाहता तो पांढरा झाला, तरी त्याला त्याचं काही नाही.

चुडामणनं आपली क्लॅरिनेट पुतण्याला देऊन टाकली, हे आबानं सकाळीच ऐकलं होतं. दोंडाईच्याच्या बँडमध्ये पंधरा-वीस वर्षं वाजवणारा माणूस. एकदा कुणी नुसती हातात घेऊन पाहिली, तर दोन दिवस बोलला नव्हता. तो ती देऊन टाकतो?

"आबा, किल्ली द्या ना. घाई शे."

"किल्ली देता येस नही. मालेच येनं पडस. पन भागाअक्काले सांग, आधी ती घरमाईन निंघी, मंग मी निंघसू."

चुडामण निघाला. एक्याण्णव सालच्या भाद्रपदातल्या त्या दुपारी हिंगणवाड्याच्या इतिहासातलं सगळ्यात लांबलचक भांडण कामाला लागलं. पण त्याआधी किल्ल्यांचं सांगायला हवं.

सोनगीरकडून कच्च्या रस्त्यानं आलं की हिंगणवाडं लागतं. गाव कपाशीचं. आदल्या वर्षी त्या गावानं तीन माणसं गमावली, तिन्ही स्वतःच्या हातानं गेलेली. कारणं तिघांची वेगळी होती. सारखी होती ती एकच गोष्ट: तिघांच्याही घरात फवारणीचं औषध हाताशी होतं. गाव हादरलं आणि हादरलेलं गाव करतं तसं एकदम उत्साहानं कामाला लागलं.

आधी भिंतीवर लिहायचं ठरलं. 'जीवन अमूल्य आहे.' रंग आला, पेंटर आला, मग लक्षात आलं की गावातल्या सगळ्या भिंती बियाण्यांच्या आणि बिड्यांच्या जाहिरातींनी भरल्यात. मोकळी भिंत एकच उरली होती, स्मशानातल्या शेडची. पेंटरनं तिथं निळ्या रंगात, फुलांच्या वेलबुट्टीसकट, फार सुबक अक्षर काढलं. पण ते वाचायची ज्याला गरज होती, तो तिथं यायचा तेव्हा खांद्यावरून यायचा.

मग समजूत समिती झाली. पाच वडीलधारी माणसं. कुणी उदास दिसला की पाचही जण त्याच्या घरी जाऊन बसत आणि आयुष्य किती छान आहे हे आळीपाळीनं सांगत. पहिला सापडला जीवराम. त्याची दाढ दुखत होती. हे सांगायला त्याला तोंड उघडता येईना, त्यामुळे समितीनं त्याला दिवेलागणीपर्यंत समजावलं. पुढं तर समितीच्या धाकानं लोक उगाचच हसायला लागले. एका तेराव्याला इतकी माणसं हसत बसली होती की पाहुण्यांना वाटलं, मयताचं आणि गावाचं काही वाकडं असणार. ज्याला खरंच बोलायचं होतं, तो या हसण्यात आणखीच गप्प झाला.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर आला. अंगानं काडी, पण बोलणं स्पष्ट. ग्रामसभेत तो म्हणाला, "जीव द्यायचा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा असतो. येतो, चढतो, ओसरतो. ती लाट चढलेली असताना हाताशी औषध नसलं, तर पुष्कळ माणसं वाचतात. घराघरातलं औषध एका ठिकाणी कुलपात ठेवा. आणि कुणाबद्दल शंका आली तर त्याला सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. उलट ओझं उतरतं."

पहिलं गावाला पटलं. दुसऱ्यावर सगळे खाली बघायला लागले. हिंगणवाड्यात माणसाला त्याचा पगार विचारता येतो, मूल का होत नाही हे विचारता येतं, बायको माहेरी का गेली हे तर विचारावंच लागतं. पण हे कसं विचारणार?

औषध ठेवायला जागा सापडली ती कोंडवाड्याची. मोकाट गुरांसाठी पंचायतीनं बांधलेली दगडी खोली. गुरांनी केव्हाच तिच्याकडं पाठ फिरवली होती. घरोघरच्या बाटल्या आणि डबे तिथं गेले. आता किल्ली कुणाकडं? गावात तट दोन. एका तटाकडं दिली तर दुसरा मान्य करेना. म्हणून दाराला दोन कुलपं लागली. एक किल्ली गिरणीवाल्या सुकदेव आबाकडं, दुसरी भागाअक्काकडं. दोघांनी स्वतः येऊन उघडायचं, एकदाच्या फवारणीपुरतं मोजून द्यायचं, आणि घेणाऱ्यानं पाठीवर पंप घेऊन यायचं.

ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजून गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आबा आणि अक्का चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

त्याचं कारण बट्टी. भागाअक्काच्या मुलीच्या लग्नात वरण-बट्टीचा बेत होता. बट्टीचे गहू आबाच्या गिरणीत जाडसर दळून आणले. पंगत बसली, पहिला घास गेला आणि मांडव पेटला. पिठात मिरची होती. वऱ्हाड खोकत, शिंकत, नाक पुसत जेवलं. लग्नाच्या फोटोत वरबाप ढसाढसा रडताना दिसतो. अनोळखी माणूस तो फोटो पाहून म्हणतो, काय मायाळू माणूस! अक्काचं म्हणणं, आबानं आधी मिरची दळली आणि जातं झाडलं नाही. आबाचं म्हणणं, जातं झाडलं होतं, अक्कानं गहूच मिरचीच्या पोत्यात आणले. त्या दिवसापासून अक्का दळणाचा डबा डोक्यावर घेऊन सोनगीरच्या गिरणीवर जाते. आणि कोंडवाडा उघडायला दुसऱ्याच्या आधी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा दोघांचा पण.

गावानं यावर तोडगा काढला. सकाळी शाळेची घंटा झाली की दोघांनी एकदमच निघायचं. ज्याला फवारायचं, त्यानं तेव्हा यायचं. अवेळी आलेल्याला मात्र दोघांच्या मधून वाट काढावी लागे.

चुडामण त्या वाटेवर होता.

तो परत आला तो निरोप घेऊन. "अक्का म्हनस, चौदा वरीस व्हयनात, मनं पाऊल आधी पडनार नही. पहिले त्यानी जातं झाडं व्हतं का, ते सांग."

आबाचं रक्त तापलं. खरं तर त्याला त्या पोराला अडवून धरायचं होतं, एवढंच. पण जात्याचं नाव निघालं की त्याचं डोकं ठिकाणावर राहत नसे. "तिले सांग! कुंचाघाई झाडं, फडकाघाई पुसं, वरथून बाजरी दळी काढी! पोतं कोनं व्हतं, ते इचार तिले!"

चुडामण गेला. चुडामण आला.

"अक्का म्हनस, पोतं नवं व्हतं."

"नवं? तिना घरमा नवं पोतं? इचार, कोठेन लयं व्हतं?"

चुडामण गेला. उन्हात गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याला घाम फुटला होता आणि त्या घामानं अंगावरच्या पिठाची कणीक झाली होती.

"आबा," तो ओट्यावर टेकत म्हणाला, "तुमनं भांडन तुमी करा ना. माले कसाले पयाडतस?"

आबानं पाण्याचा तांब्या पुढं केला. माणूस चिडला होता. मघाशी दारात उभा होता तो चिडण्याच्याही पलीकडं गेलेला वाटत होता. त्यापेक्षा हे बरं, असं आबाला वाटलं. "आते एकदाव जाय. फक्त इतलंच इचार, जेवाना पहिले वास उनता का नही?"

या खेपेला मात्र बराच वेळ गेला. आबाचं दळणात लक्ष लागेना. पट्टा दोनदा सुटला. तो सारखा दाराशी येऊन डोळ्यांवर हात धरून बघत होता. वाट चुकून पोरगं भलतीकडं गेलं तर? मी कशाला पाठवलं त्याला? एखादं बाईमाणूस गिरणीत असतं तर म्हणालं असतं, आबा, तुम्हाला काय होतंय.

आणि त्याला दिसली ती भागाअक्का.

पदर खोचलेला, हाताला भुईमुगाच्या शेंगांची माती, दुसऱ्या हातात चुडामणचं मनगट. ती भर रस्त्यातून, सगळ्या गावादेखत, गिरणीकडं येत होती. आधी! आबा आपल्या दाराच्या आतच उभा होता आणि ती आधी निघाली होती. समोरच्या दुकानाच्या ओट्यावर गिरधर गूळ जोखत होता. त्याच्या तराजूतला गूळ खाली पडला आणि त्यानं तो उचललासुद्धा नाही.

अक्का दारात थांबली. आबाकडं न बघता, गिरणीच्या खांबाला उद्देशून म्हणाली, "ह्या लगीनमा व्हता. वाजाडी राहिंता. चौदा वरीस आपीन भांडी राहिनूत, कोणी याले इचारं नही."

"मी पहिली बट्टी खादी व्हती," चुडामण एकदम उसळून म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "वाजाडना पहिले खाई ल्या म्हने! तोंड असं पेटनं का फुंकच मारता ये ना! बँड बंद पडना, मालक मालेच बोलना. माले! न तुमी दोन्ही जन नुसतं जातं न पोतं, जातं न पोतं! मनं काय व्हयनं, ते एकनीबी इचारं नही! कोणीच नही इचारं!"

शेवटचं वाक्य बट्टीबद्दलचं नव्हतं. ते तिघांनाही एकदमच कळलं.

"मी म्हनं, आते वाजाडी दखाड," अक्का खांबाला म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "ते म्हने, क्लॅरिनेट दी टाकी."

आबानं जाऊन इंजिन बंद केलं. चालू दिवसात गिरणी अशी मधेच कधी थांबत नसे. एवढी शांतता झाली की गावातल्या लोकांना वाटलं, काहीतरी मोठा आवाज झाला.

आता विचारायला हवं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं, सरळ. आयुष्यात आबानं कुणाला नवीन धोतर कितीला घेतलं याच्यापेक्षा अवघड काही विचारलं नव्हतं. त्यानं मानेवरचं फडकं काढून चुडामणच्या तोंडावरचं पीठ पुसलं. मग म्हणाला:

"चुडामण, जीव द्याना इचार शे का तुना मनमा?"

अक्कानं डोळे मिटून घेतले.

चुडामण पिठाच्या पोत्यावर बसला. म्हणाला, "हा."

मग तो बोलत सुटला. बाप गेल्यापासून झोप नाही. बायको माहेरी. सुपारीला गेलं की सूर कानात शिरत नाहीत, लोकांची लग्नं दुसऱ्याच कुठल्या गावात चाललीयत असं वाटतं. कारण एक नव्हतं. वर्षभर थेंब थेंब साचत गेलेलं होतं. आयुष्य छान आहे, असं आबा म्हणाला नाही. अक्काही म्हणाली नाही. तिनं गिरधरच्या घरून चहा मागवला आणि चुडामण रडायला लागला तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून, शेंगा निवडताना बसते तशी, मांडी घालून बसून राहिली. आबानं सायकलवर एकाला डॉक्टरकडं आणि दुसऱ्याला चुडामणच्या भावाकडं, धनसिंगकडं, पिटाळलं.

डॉक्टर आला, चुडामणशी एकट्याशीच बोलला. त्या रात्री धनसिंग त्याच्याजवळ झोपला. दुसऱ्या दिवशी धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हा आजार आहे, याला औषध आहे, आणि वेळ लागेल. वेळ लागलाच. मधे दोनदा तो पुन्हा बुडाल्यासारखा झाला आणि दोन्ही वेळा आपणहून गिरणीवर येऊन बसला. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाला पुतण्यानं क्लॅरिनेट परत आणून दिली, आणि चुडामणनं ती अशी वाजवली की घोड्यावरचा नवरदेव उतरून नाचला.

त्या दिवशी गिरणीतून उठताना अक्का खांबाला म्हणाली होती, "मी आज आधी उनू, ते याना करता. भांडन तसंच शे." आबानं मान हलवली होती. खांबानं हलवावी तशी.

डॉक्टरला सगळी हकिगत कळली तेव्हा तो हसत सुटला. हसू आवरल्यावर म्हणाला, "मी तुम्हाला कुलूप सांगितलं होतं. तुम्ही तर कुलपाला माणसं लावलीत." मग लगेच गंभीर झाला. "पण एवढ्यावर निवांत बसू नका. कोंडवाडा वेळ देतो. त्या वेळात कुणीतरी बोलावं लागतं." आणि ते खरं होतं. पुढच्या साली गावची एक सून तिच्या माहेरी गेली आणि तिथंच स्वतःच्या हातानं गेली. कोंडवाडा तिला आडवा आला नाही, कारण तो इथं होता. आणि विचारणारं तिथं कुणी नव्हतं. यशोदाबाई नाव तिचं. तिच्यानंतर हिंगणवाड्यातल्या बाया पाण्यावर गेल्या की एकमेकींना सरळ विचारायला शिकल्या. आधी लाजून, मग भाजीचा भाव विचारावा तसं.

गावात आता एकच काळजी उरली: आबा-अक्काचं भांडण मिटता कामा नये. कुणी पाहुणा समेट घडवायला निघाला तर गाव त्याला गोड बोलून एसटीत बसवून देई. समजूत समिती सगळ्यात आधी बरखास्त केली. वरबाप एकदा अक्काकडं पाहुणा आला आणि म्हणाला, मला तर ती बट्टी आवडली होती. त्याला पुन्हा असं जाहीर बोलू नका म्हणून विनवण्यात आलं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात भागाअक्का अंथरुणाला खिळली. चुडामण रोज तिच्याजवळ बसायचा. एका सकाळी तो गिरणीवर आला, बाह्या झटकल्या आणि म्हणाला, "आबा, निरोप शे."

"बोल."

"अक्का म्हनस, पोतं मिरचीनंच व्हतं. झटकं व्हतं, पन धवं नही. इतला वरीस खोटं बोलनू, म्हने."

आबा जात्याकडं बघत राहिला. वीस वर्षं. आता नुसतं 'हा' म्हटलं की झालं. मिटलं. आणि उद्या अवेळी कुणी दारात उभा राहिला तर?

पण फक्त तेवढंच नव्हतं.

"तिले सांग," तो म्हणाला, "पोतानं काही व्हस नही. मिरची मन्या जातामाच व्हती. मी झाडाले इसरनू व्हतू."

चुडामण धावला. धावतच परत आला. "अक्का म्हनस, उपकार करू नको. पोतंच व्हतं."

"जातं व्हतं म्हना तिले!"

"पोतं!"

"जातं!"

भांडण उलटं वळलं होतं. दिवसभर चुडामण गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धापा टाकत होता, आणि लोक ओट्यांवर येऊन बघत होते. संध्याकाळी तो आला तेव्हा हसत होता. "आबा, अक्का हसनी. म्हने, ह्या मानूस मरापर्यंत सुधरनार नही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. भांडण मिटलं नाही.

आबानं गिरणी बंद ठेवली. तो तिच्या दारी गेला नाही. तिरडी गिरणीवरून निघाली तेव्हा तो दाराच्या आत उभा राहिला, टोपी हातात धरून. आधी निघाली ती तीच.

तेरावं झालं आणि पंचायतीत किल्लीचा प्रश्न आला. लोक म्हणाले, दुसरी किल्ली गिरधरला द्या. गिरणीसमोरच दुकान, माणूस गोड, आबाशी कधी वाकडा शब्द नाही. हाक मारली की कोंडवाडा उघडा. सगळ्यांना सोयीचं वाटलं; इतकी वर्षं भांडण कशासाठी जपलं, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आबाला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी अक्काची सून सुमनबाई गिरणीवर आली. डोक्यावर गव्हाचा डबा, कमरेला सासूची किल्ली. वीस वर्षांत त्या घरचा डबा पहिल्यांदाच गिरणीच्या दारात उतरला. गिरधरच्या ओट्यावर पाच-सहा जण बसले होते, ते ओट्याच्या कडेशी सरकले.

"आबा," सुमनबाई हळू आवाजात म्हणाली, "अक्का गयी. आते काय ऱ्हायनं भांडाले. दळी द्या."

आबानं डब्याकडं पाहिलं. गहू चांगला होता, निवडलेला. मग त्यानं पलीकडं, किल्लीची वाट पाहत बसलेल्या गोड गिरधरकडं पाहिलं. आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला:

"तुना घरनं दळन मनी गिरनीवर व्हनार नही. पोतं धई लय पहिले!"

सुमनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिची नजर आबावरून गिरधरच्या ओट्यावर गेली, तिथून कमरेच्या किल्लीवर आली. आणि मग तिच्या नाकाचा शेंडा हळूहळू लाल होत गेला, थेट सासूसारखा.

"भीक मांगाले नही उनू मी!" ती कडाडली. "तुमनं जातं पहिले झाडा, मंग मना पोतानं बोला! आजपाईन मनं पाऊल तुमना आधी पडी, ते सुमन नाव नही लावसू!"

तिनं डबा उचलून डोक्यावर घेतला आणि ताठ मानेनं सोनगीरची वाट धरली. चालताना किल्ली वाजत होती. गिरधर उठून घरात गेला. आतूनच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भो, माले नको ती किल्ली."

ती वळणाआड जाईपर्यंत आबा दारात उभा होता. मग आत येऊन त्यानं इंजिन बंद केलं. जात्याचा वरचा दगड उचलला, कुंचा घेतला आणि दगडावर टाकीनं पाडलेल्या रेघारेघांतून, कोपऱ्याकोपऱ्यांतून, मिरची दळल्यावर झाडतात तसं जातं झाडायला बसला. कुंच्यानं झालं, मग फडक्यानं.

त्या दिवशी मिरची दळलेली नव्हती.